आमची वाटचाल : गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही

आमच्याकडे फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "ताई, ही एवढी स्वस्त कशी काय मिळतेय?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो येतो. दोन दारांची, बसकी, लाल नाहीतर पांढरी गाडी, दहा-बारा वर्षं जुनी. नवी असताना पाऊण कोटीच्या आसपास गेलेली आणि आज एखाद्या बऱ्या एसयूव्हीच्या किमतीत मिळणारी. भोसरीतलं आमचं वर्कशॉप याच प्रश्नाचं उत्तर शोधून देतं. जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी ती उघडून बघायची, काय सापडलं ते लिहून द्यायचं, आणि गिऱ्हाइकाने ती घेतलीच तर पुढे चालती ठेवायची.

गॅरेज अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांच्या काळात फियाट आणि ॲम्बेसिडर असायच्या, नंतर मारुती आल्या. सकाळी नाना पेठेतून पार्ट आणायचा, दुपारी बसवायचा, संध्याकाळी गाडी मालकाच्या दारात. मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि एका मोठ्या डीलरच्या सर्व्हिस विभागात वॉरंटीच्या टेबलावर नोकरीला लागले. तिथे एक गोष्ट सारखी दिसायची. वॉरंटी संपली की महागड्या गाड्या यायच्या बंद व्हायच्या, आणि वर्षभराने त्याच गाड्या दुसऱ्याच मालकाबरोबर परत यायच्या. तो मालक बहुधा तरुण असायचा. कॉलेजपासून त्या गाडीचं पोस्टर भिंतीवर लावलेला, पैसे साठवून कशीबशी घेतलेली. मी एस्टिमेटचा कागद पुढे सरकवला की त्याचा चेहरा उतरायचा. समजा, ८० लाखांची गाडी त्याने २० लाखांना घेतलेली असे. पण तिचा गिअरबॉक्स ८० लाखांच्या गाडीचाच असतो, आणि त्याच हिशेबाने बिल येतं. हे त्याला घेण्यापूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटायचं. २०१४ मध्ये नोकरी सोडून मी आणि धाकट्या भावाने अण्णांच्या शेडमध्ये हे काम सुरू केलं ते याचसाठी.

सुरुवातीला जर्मन सेदान जास्त यायच्या, कारण त्या पुण्यात भरपूर होत्या. चाकणला मर्सिडीजचा कारखाना, तिकडे छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ऑडीची जुळणी, त्यामुळे या गाड्या जाणणारी पोरंही इथे मिळाली. स्पोर्ट्स कारचं मात्र वेगळं असतं. यातल्या जवळजवळ सगळ्या परदेशातून तयार येतात, देशात पार्टचा साठा नसतो. एखादा साधा कूलंटचा पाइप स्टुटगार्टहून किंवा इंग्लंडहून मागवावा लागतो, त्यावर ड्युटी भरावी लागते आणि तोवर गाडी लिफ्टवर अडकून राहते. वापरलेला पार्ट चालणार असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, पण तिथेही पोर्शेचं सामान रोज येत नाही.

धंद्याचं एक सूत्र आम्ही पहिल्याच वर्षी पक्कं केलं. फी फक्त घेणाऱ्याकडून. विकणाऱ्याकडून एक रुपया नाही, डीलरचं कमिशन नाही, आणि आम्ही स्वतः गाड्यांची खरेदी-विक्री करत नाही. "गाडी पास करा, तुमचं बघतो" असं सांगणारे आले. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. त्यामुळे काही डीलर आपली गाडी आमच्या लिफ्टवर चढू देत नाहीत, आणि ती माहितीही गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडते.

किमती का पडतात, हे मला दर आठवड्याला कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. विम्याच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती धरलेली किंमत, निम्म्यावर येते, तिथून पुढे आकडा आपसात ठरतो. बाजार त्याहून कठोर आहे. कोविडनंतर चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळेनात, तेव्हा जुन्यांचे भाव चढले होते. २०२१-२२ मध्ये ज्यांनी घेतल्या त्यांना आज सगळ्यात मोठा फटका बसतो. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा ४० वर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीला आपोआप खाली यावं लागतं. त्याआधी जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर व्यापार करार झाला. तिथून येणाऱ्या ठरावीक गाड्यांवरची ड्युटी शंभर टक्क्यांच्या वरून टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार हे कळल्यावर "थोडं थांबून बघू" म्हणणारे वाढले. ज्याला गाडी विकायची आहे त्याच्यासाठी हे थांबणं फार महाग पडतं.

पण भाव पडण्याचं खरं कारण भीती आहे, आणि ती भीती निराधार नाही. पोर्शेच्या ९११ आणि बॉक्स्टरमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २००८ पर्यंत जी इंजिनं होती, त्यांतल्या बहुतेकांत इंटरमीडिएट शाफ्ट नावाच्या आतल्या दांड्याच्या टोकाला एक बेअरिंग असतं. ते गेलं की इंजिनच जातं. अमेरिकेत यावरून ग्राहकांनी एकत्रित दावा केला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. २००९ च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच नाही. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०१३ च्या व्ही-८ एम-थ्रीमध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंग वेळेआधी झिजतात, म्हणून जाणकार मालक ती खराब होण्यापूर्वीच बदलून घेतात. जॅग्वार एफ-टाइपच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात सुपरचार्जरखाली प्लास्टिकचे कूलंट पाइप आहेत. उष्णतेने ते कडक होऊन तडकतात, आणि तिथे पोहोचायला अख्खा सुपरचार्जर उतरवावा लागतो. ऑडी आर-एटच्या सुरुवातीच्या आर-ट्रॉनिक गिअरबॉक्समध्ये एकच क्लच आहे, तो हिंजवडीच्या ट्रॅफिकसाठी बनवलेला नाही. आर-एटला २०१३ पासून दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मिळाला, त्यामुळे एका वर्षाच्या फरकाने दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या भावात मोठं अंतर पडतं.

या गोष्टी इंटरनेटवर वाचून गिऱ्हाईक घाबरतं आणि सगळ्याच गाड्या वाईट ठरवतं. माझं मत असं की मॉडेलपेक्षा ती एक गाडी बघावी. तिचं ऑइल कुणी, कधी, कोणतं बदललं, हे शंभर लेखांपेक्षा जास्त सांगतं.

म्हणूनच विकणाऱ्याची परवानगी असेल तर आमची तपासणी ऑइल फिल्टरपासून सुरू होते. फिल्टर काढायचा आणि कटरने कापायचा. आतला घड्या घातलेला कागद सोडवून, पिळून, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि शेडच्या बाहेर उन्हात न्यायचा. सावलीत काही दिसत नाही. उन्हात मात्र बारीक चमक लगेच डोळ्यांत भरते. मग कागदात गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवायचं. कण चिकटले तर पोलाद, म्हणजे बॉल-बेअरिंग किंवा चेन. चिकटले नाहीत आणि तांबूस-सोनेरी दिसले तर बेअरिंगचा शेल झिजतोय. काळा, भुरभुरीत चुरा असेल तर प्लास्टिक, बहुधा चेनच्या गाइडचं. अण्णा फियाटच्या ऑइलमध्ये बोटं घालून चोळून बघायचे, तिथूनच आम्ही हे शिकलो. ते अजूनही ट्रे बघायला खुर्ची घेऊन उन्हात येऊन बसतात आणि भावाच्या आधी निदान सांगतात. त्यानंतर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये कॅमेरा सोडतो, भिंतीवर उभे ओरखडे आहेत का बघायला. स्कॅनर सगळ्यात शेवटी. त्यात दिसणारे बिघाडाचे कोड तर कुणीही पुसून आणतं.

"फक्त १८ हजार किलोमीटर चाललीय" हे वाक्य ऐकलं की आमची पोरं आधी टायर बघतात. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षं जुना टायर वरून नवा दिसतो, पण रबर कडक झालेलं असतं आणि पावसात महामार्गावर तो पकडच धरत नाही. कमी चाललेली गाडी म्हणजे उभी राहिलेली गाडी. बुश सुकतात, सील आकसतात, टाकीतलं पेट्रोल जुनं होतं. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून हा प्रश्न वाढलाय, कारण इथेनॉल पाणी ओढतं आणि अनेक जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा आहे. मीटर फिरवलेला असेल तर तेही सापडतं. किलोमीटरचा आकडा काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये आणि चावीतही साठवलेला असतो, आणि मीटर फिरवणारा सगळीकडे पोहोचत नाही.

पाण्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण पुण्या-मुंबईत हा धोका मोठा आहे. २००५ ची मुंबई, २०१५ चं चेन्नई, २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेला पूर, २०२४ च्या जुलैत एकतानगरीत शिरलेलं पाणी. प्रत्येक पुरानंतर काही महिन्यांनी चकाचक धुतलेल्या गाड्या बाजारात येतात. कार्पेट नवं असतं, कुबट वास दाबायला सुगंधी जेल ठेवलेलं असतं. आम्ही सीट सोडतो. सीटच्या बोल्टच्या आट्यांमध्ये गंज आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ, ही खूण कुणी सहसा धूत नाही.

पूर न येताही उघड्या टपाच्या गाड्या बुडतात. टपाच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. गाडी झाडाखाली उभी राहिली की त्यात पानं आणि फुलांच्या पाकळ्या साचतात, नळी तुंबते आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत येतं. अनेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल नेमकी सीटखाली ठेवलेली आहेत. एक रोडस्टर आमच्याकडे टो होऊन आली होती. चावी फिरवली तर काहीच नाही. सीट काढली तेव्हा कार्पेटखालच्या फोममध्ये पाणी भरलेलं, आणि नळीतून निघाला गुलमोहराच्या पाकळ्यांचा कुजलेला लगदा. मॉड्यूल, चाव्यांचं कोडिंग, वायरिंग मिळून बिल लाखांत गेलं. नळी साफ करायला पाच मिनिटं लागतात. तेव्हापासून मे महिन्यात आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून बोलावतो आणि नळ्या फुकट साफ करून देतो.

कागदपत्रांचं काम माझ्याकडे. स्वस्त गाडी पुष्कळदा दिल्ली, हरियाणा नाहीतर पुदुच्चेरीची असते. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिथले मालक मिळेल त्या भावात काढतात. ती गाडी महाराष्ट्रात कायमची आणली की बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. आयात गाडीला आपल्याकडे एकरकमी कराचा दर २० टक्के आहे. वयानुसार वजावट मिळते, तरी रक्कम मोठी होते, आणि सौदा करताना ती कुणी बोलत नाही. पंधरा वर्षांनंतर आयात गाडीच्या फेरनोंदणीची फी २०२२ पासून ४० हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ८० हजार. एनओसी, कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद, जुन्या विम्याचे क्लेम, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

विकणारेही येतात. कोल्हापूरचे एक डॉक्टरसाहेब आपली कूपे घेऊन आले होते. दर सहा महिन्यांनी ऑइल, प्रत्येक बिल फाइलला लावलेलं, गाडी पहिल्या दिवसासारखी. डीलरने सांगितलेला भाव ऐकून ते दुखावले होते. आम्ही त्यांच्याच गाडीची तपासणी करून अहवाल दिला. फिल्टरचे, सिलिंडरच्या भिंतींचे, रंगाच्या जाडीचे फोटो जोडले. पुढे त्यांना नाशिकचा एक गिऱ्हाईक मिळाला, त्याने अहवाल वाचून डीलरपेक्षा बरा भाव दिला. भीतीपोटी जो भाव पडतो, तो पुरावा असला की थोडा सावरतो, हे आम्ही आता पुष्कळदा बघितलंय.

सगळ्याच गाड्या पडत नाहीत. मॅन्युअल गिअरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनांना आजही मागणी आहे. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले कारखाने बंद करायचं जाहीर केलं, तरी व्ही-८ मस्टँगला विचारणारे कमी झाले नाहीत. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या २०२० मध्ये फक्त २०० गाड्या इथे आल्या, त्या तर हातोहात जातात. पहिलीच स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला मी अशीच गाडी सुचवते. तिचे पार्ट बऱ्याच अंशी साध्या ऑक्टाव्हियाचे असल्यामुळे कुठेही मिळतात.

आज आमच्याकडे दोन लिफ्ट आहेत, आयटीआयची चार मुलं आणि मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, दुरुस्त करायला वेगळी धूळबंद खोली. अहवाल मराठीत देतो, शेवटच्या पानावर त्या गाडीचा पुढच्या तीन वर्षांचा अपेक्षित खर्च असतो, पार्टसकट. गाडीची किंमत आणि तो आकडा मिळून गिऱ्हाइकाच्या बजेटमध्ये बसत नसेल तर तसं स्पष्ट लिहितो. आता इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारही विचारायला लागले आहेत, त्यांचे भाव तर पेट्रोलपेक्षा वेगाने खाली येताहेत. बॅटरीच्या एकेका मॉड्यूलचं व्होल्टेज मोजायची साधनं आम्ही घेतली, भाऊ हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण घेऊन आलाय, आणि दिवाळीनंतर त्या गाड्यांची तपासणीही सुरू करतोय.