ओढायचं किती, पेलायचं किती

अमेरिकेत डेन्व्हरजवळ ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची घरं, विकणाऱ्या एका दुकानात मी गेली पाच वर्षं काम करते. गिऱ्हाइकाला ट्रेलर ताब्यात देताना पाणी, गॅस, वीज, ब्रेक सगळं दाखवायचं आणि शेवटी त्याच्या पिकअपला ट्रेलर जोडून द्यायचा, हे माझं काम. जूनमधला तो शनिवार मात्र वेगळा गेला. त्या दिवशी मी ट्रेलर जोडून दिला नाही.

गिऱ्हाईक मराठी निघालं. नवरा-बायको, चौदा आणि नऊ वर्षांची दोन मुलं, आणि कराडहून सहा महिन्यांसाठी आलेली त्यांची आई. ट्रेलर २६ फुटी. रिकामा ६,१०० पौंड, भरून जास्तीत जास्त ७,६००, म्हणजे साधारण ३,४५० किलो. पिकअप चारच महिन्यांपूर्वी घेतलेला, वरच्या श्रेणीतला हाफ-टन, म्हणजे पिकअपांतला हलका वर्ग: काचेचं छत, कातडी सीट, आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या. त्याच दिवशी आय-७० महामार्गानं पश्चिमेला निघायचा त्यांचा बेत होता.

मी नेहमीप्रमाणे ड्रायव्हरचं दार उघडलं. दाराच्या खांबावर टायर आणि वजनाचं एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जायचं नाही, तो आकडा त्यावर छापलेला असतो. त्यांच्या गाडीवर तो होता १,३९० पौंड, म्हणजे ६३० किलो.

"पण ही गाडी ११,००० पौंड ओढते. विकणाऱ्यानं दोनदा सांगितलंय," दादा, म्हणजे मुलांचे वडील, म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते आणि विकणाराही तसा खोटं बोलला नव्हता. पण त्यानं अर्धंच सांगितलं होतं, आणि याचा मला दर वेळी राग येतो. माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकाप्रमाणे काढतात. ऍरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर भर उन्हात एसी चालू ठेवून ११ मैलांहून जास्त अंतर ट्रेलर ओढायचा आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, अशी त्यातली एक चाचणी आहे. चाचणी कडक आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या हिशेबात गाडीत माणसं दोनच धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. आई नाही, मुलं नाहीत, मागच्या हौद्यात जनरेटर आणि लाकडं नाहीत.

ट्रेलरच्या दांड्याचं वजन गाडीच्या मागच्या अंगावर येतं. त्याला इथे टंग वेट म्हणतात. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ते असायलाच हवं. स्टिकरवरच्या आकड्यातून माणसं आणि सामान वजा केल्यावर जे उरतं, त्यात हे बसवायचं असतं. इंजिन ओढेल हो, पण स्प्रिंगा, मागचा ॲक्सल आणि टायर यांना ते पेलावं लागतं. गाडी निवडताना बहुतेक लोक ओढण्याचं बघतात, पेलण्याचं राहून जातं.

दादांना पटेना. "आपण वजन वाटून देणारा हिच लावतोय ना?" हिच म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा. तो हिच थोडं वजन पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर ढकलतो, ते खरं. पण त्यानं गाडीची मर्यादा वाढत नाही, शिवाय त्याचं स्वतःचंच वजन १०० पौंड. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, ट्रेलर इथंच राहू दे. तुम्ही सगळे गाडीत बसा, आपण तीन मैलांवरच्या ट्रक स्टॉपवर जाऊ. तिथे ट्रकवाल्यांसाठी वजनकाटा असतो.

काट्याची पावती आली: गाडी, माणसं, सामान मिळून ६,५४० पौंड. गाडीची एकूण मर्यादा ७,०००. उरले ४६०. त्यातून हिचचे १०० गेले की ३६०.

यार्डात परत येऊन ट्रेलरच्या दांड्याखाली छोटा काटा लावला. पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत, फक्त दोन भरलेले गॅस सिलिंडर आणि बॅटरी. तरी ७९० भरले. म्हणजे ट्रेलरमध्ये घरचा एक चमचासुद्धा न ठेवता गाडी ४३० पौंडांनी जड. सामान भरल्यावर दांडा ९०० च्या वर जाणार, हे उघड होतं.

दादा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सुचवलं, त्यानं माझ्या पोटात गोळा आला. "जनरेटर, लाकडं सगळं ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाकू. पुढचं वजन आपोआप उचललं जाईल."

हे मला टक्क्यांत सांगता आलं नाही, म्हणून मी वडिलांच्या गाडीचं सांगितलं. वाळव्याकडे आमचे वडील हंगामात बैलगाडीनं कारखान्यावर ऊस वाहायचे. भरताना त्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असे: गाडी धुरजड होऊ नये आणि उलाळ तर मुळीच होऊ नये. पुढे फार भरलं तर बैलांच्या मानेवर भार. मागे फार भरलं तर जू वर उचलतं.

"आणि बैलाचा गळा आवळतोय की," मागून आईंचा आवाज आला. "उतारावर उलाळ गाडी म्हंजे बैलं हातची गेली समज."

ट्रेलर उलाळ झाला तर जू उचलण्याइतकं दिसतही नाही. शेजारून मोठा ट्रक जातो, वाऱ्याचा झोत बसतो आणि मागचं धूड लंबकासारखं डोलायला लागतं. प्रत्येक हेलकाव्याला ते पुढच्या गाडीचं ढुंगण ओढतं. घाबरून माणूस गाडीचा ब्रेक दाबतो आणि ते आणखी बिघडतं. करायचं असतं ते वेगळंच: पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक ड्रायव्हरजवळच्या खटक्यानं, हातानं हळूहळू लावायचा. पण ते आठवायला दोन-तीन सेकंदच मिळतात. यांची वाट तर आयझेनहॉवर बोगद्यातून जाणार होती, ११,१५८ फुटांवरून. पलीकडे सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत मैलोन्‌मैल सात टक्क्यांचा उतार आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी तिथे वाळू-खडीचे चढ बांधून ठेवलेत, ते उगाच नव्हे.

वहिनींनी तेवढंच विचारलं, "मग कुठली गाडी घ्यायला हवी होती?"

त्या दुपारी आम्ही यार्डातल्या बाकावर बसून कागदावर उलटा हिशेब मांडला. आधी ट्रेलर भरून किती, त्याचे १३ टक्के किती, मग माणसं, मग सामान, मग हिच. बेरीज १,९६० पौंडांवर गेली. हाफ-टनांत एवढं पेलणारी गाडी मिळते, पण शोधावी लागते. फोर्डच्या एफ-१५० मध्ये जास्त वजनाचं खास पॅकेज असतं. बाकी एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत शेकडो पौंडांचा फरक पडतो, कारण काचेचं छत आणि आपोआप हलणाऱ्या पायऱ्याही त्याच आकड्यातून वजा होतात. म्हणून जाहिरात वाचू नका, दार उघडून त्या गाडीचंच स्टिकर वाचा, असं मी सांगते.

दादांना डिझेलची ओढ होती. घाटात डिझेलला तोड नाही. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो असल्यामुळे उंचीवर दम कमी लागतो आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून इंजिनानंच वेग रोखणं, मोठा आधार देतो. पण ते इंजिन कित्येक शे पौंडांनी जड असतं आणि तेवढं पेलणं कमी होतं. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्क्यांनी घटते, तेव्हा चढावर उजव्या लेनमधून सावकाश जायची तयारी हवी. माझं मत विचाराल तर या कुटुंबासाठी थ्री-क्वार्टर टन, म्हणजे हाफ-टनाच्या वरच्या वर्गातला, पेट्रोलच बरा होता. चढावर उशीर झाला तर काही बिघडत नाही.

मॅनेजरला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला, सौदा मोडेल म्हणून. पण ट्रेलर ठेवून घ्यायला हो म्हणाला, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

तीन आठवड्यांनी ते आले, थ्री-क्वार्टर टन पेट्रोल पिकअप घेऊन, कापडी सीटांचा. जुनी गाडी देताना बरेच पैसे बुडाले होते, ते बोलून दाखवत नव्हते तरी कळत होतं. ही गाडी उंच, आईंचे गुडघे दुखरे, म्हणून बाजूला साधी पक्की पायरी बसवून घेतली होती. स्टिकरवर ३,०८० पौंड. सगळं भरून, ट्रेलर जोडून पुन्हा काट्यावर गेलो. प्रत्येक ॲक्सल मर्यादेच्या आत आणि गाडीची अकराशे पौंडांची जागा शिल्लक. ट्रेलरचा ब्रेक किती धरतो ते रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी २० मैलांवर चार वेळा बघितलं आणि मग सोडलं.

दुपारी अडीचला वहिनींचा मेसेज आला: "बोगदा पार केला. खाली डिलनला थांबलोय, थंडी आहे. आईंना चहा हवाय, पण शेगडी पेटत नाही."

मी कळवलं: "पुढच्या दांड्यावरचा सिलिंडर उघडा, हळूच. मग बर्नरची कळ थोडा वेळ धरून ठेवा, नळीतली हवा आधी निघून जाऊ द्या."