पन्नासची फ्रेम आणि तीनशे युरो

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये जाडजूड शब्दकोश धरून तो शक्य तितका वर ओढायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून शब्दकोशाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायला सांगायचं. सायकलींच्या जाहिराती बघायला सुरुवात करण्याआधी करायचं काम हे. मी ते दोन महिन्यांनी केलं. फ्लॅटमेट हसून हसून दोनदा टेप सोडून बसली, पण माप आलं: ७६ सेंटिमीटर. त्याला ०.६६ने गुणलं की रोड बाइकच्या, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकलच्या, फ्रेमचा साधारण आकडा मिळतो. माझा पन्नास. त्याआधीचे दोन महिने मी छप्पन आणि अठ्ठावनच्या सायकलींवर जीव टाकत होते.

मी केम्निट्सला मास्टर्स करते. जर्मनीच्या पूर्वेकडचं, सॅक्सनीतलं शहर. १९५३ ते १९९० या काळात याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. नाव बदललं, पण मार्क्सचं सात मीटर उंचीचं नुसतं डोकं अजून चौकात आहे आणि लोक बिनधास्त त्याच्या खाली भेटायचं ठरवतात. माझ्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, असतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यात भाडं, आरोग्यविमा, किराणा. ट्रामचा पास विद्यापीठाच्या फीमध्येच येतो. म्हणजे सायकलची गरज नव्हतीच. हाव होती.

हाव लागली ती वर्गातल्या काही जणांबरोबर एका रविवारी फिरायला गेले तेव्हा. ते रोड बाइकवर, मी फ्लॅटमेटच्या मडगार्ड, कॅरियर, टोपलीवाल्या अवजड सायकलवर. नदीच्या काठाने जुना रेल्वेमार्ग उखडून त्यावर सायकलरस्ता केलाय, सपाट आणि देखणा. तिथेही मी मागे. दर वळणावर ते थांबून माझी वाट बघायचे, वर ‘आरामात ये’ म्हणायचे. मागे पडण्यापेक्षा ते जास्त लागलं. घरी येऊन हिशोब केला आणि ठरवलं, तीनशे युरो. सगळं धरून. तेवढ्यात रोड बाइक.

नवीन घेणं शक्यच नव्हतं, म्हणून जुन्या सायकलींच्या जाहिराती. रोड बाइकला इथे रेनराड म्हणतात. या जाहिरातींची स्वतःची एक जर्मन भाषा आहे, ती कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. किमतीपुढे ‘फाउ बे’ असेल तर घासाघीस चालेल, ‘फेस्टप्राइस’ असेल तर विचारू नका. ‘दाखबोडेनफुंड’ म्हणजे माळ्यावर सापडलेली, अर्थात टायर दगड झालेत. ‘फार्बेराइट’ म्हणजे चालवण्याजोगी, यावर विश्वास ठेवायचा तो जपून. आणि ‘फ्युअर बास्टलर’, म्हणजे खटपट करणाऱ्यांसाठी. याचा खरा अर्थ मला सत्तर युरोंना समजला.

ती सायकल फोटोत फार सुंदर होती. निळी, स्टीलची, बारीक नळ्यांची. आकार बावन्न, म्हणजे दोन सेंटिमीटर मोठी, पण सीट खाली करू म्हटलं की झालं. विक्रेता घाईत होता, पाऊस पडत होता, मी चाकं फिरवून बघितली, ब्रेक दाबले, पैसे दिले. सीट खाली करायला मात्र घरी येऊन गेले. बोल्ट सैल केला, सीट हलेना. दोघींनी मिळून ओढली, पिरगळली. फ्रेम स्टीलची आणि सीटचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा. मध्ये कधी कुणी ग्रीस लावलंच नव्हतं. दोन वेगळे धातू ओल लागून वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून राहिले की मध्ये गंज धरतो आणि दांडा फ्रेममध्ये जाम होतो.

इथल्या बऱ्याच विद्यापीठांच्या गावांत अशी जागा असते जिथे हत्यारं त्यांची आणि हात तुमचे. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी उघडतात, मदतीला कुणीतरी जाणकार असतो, जमेल तेवढी देणगी डब्यात टाकायची. आमच्याकडचा जाणकार म्हणजे हाताला कायम काळं लागलेला एक दाढीवाला. त्याने तेल सोडलं, दुसऱ्या दिवशी या म्हणाला. दुसऱ्या दिवशी सीट काढून दांडा व्हाइसमध्ये पकडला आणि अख्खी फ्रेम हँडलसारखी फिरवायचा प्रयत्न केला. फ्रेमने कुरकुर केली तसा थांबला. मग चेनवर पट्टी ठेवली, रिमवर बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘ही सत्तरला नाही घेतलीस तू. दोनशे तीसला घेतलीस. फक्त एकशे साठ अजून दिले नाहीस.’

हे वाक्य मला जर्मनमध्ये पहिल्या झटक्यात कळलं, याचा अजून थोडा अभिमान आहे.

त्या संध्याकाळी त्याने मला सायकल बघायला शिकवलं. चेनच्या प्रत्येक कडीची लांबी अर्धा इंच. म्हणून वीस कड्या पिनेपासून पिनेपर्यंत मोजल्या तर नव्या चेनमध्ये २५४ मिलिमीटर भरतात. २५६ भरल्या की चेन गेली, आणि तशीच बराच काळ चालवली असेल तर मागची दातेरी चाकंही तिच्यासोबत झिजलेली असणार. ब्रेक ज्या भागावर घासतो तिथे रिमला पट्टीची धार आडवी लावायची. मध्ये खळगा दिसला तर रिमची भिंत पातळ झालीय, ती एखाद्या उतारावर फुटू शकते. हँडलखालच्या नळ्यांवर, पुढच्या चिमट्याच्या मागच्या बाजूला, बोट फिरवायचं. रंगाखाली लाटेसारखा उंचवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. पॅडलची दांडी धरून आडवी हलवायची. खटखट वाजली तर बीबी, म्हणजे पॅडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो तो फ्रेममधला भाग, सैल झालाय. आणि सीट वर-खाली होते का ते विक्रेत्यालाच करून दाखवायला सांगायचं. चाक फिरताना थोडं डुलत असेल, केबल गंजल्या असतील, हँडलची पट्टी फाटली असेल तर खुशाल घ्यायची, उलट त्यावर भाव पाडायचा. कार्बनची मात्र जुनी, अनोळखी माणसाकडची, घ्यायचीच नाही, कारण आतली चीर बाहेरून दिसत नाही.

फ्रेंच सायकलींचं प्रकरणही त्याच्याकडूनच कळलं. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी देखण्या प्यूजो इथे स्वस्तात मिळतात. पण तेव्हाच्या फ्रेंच सायकलींचे आटे निराळे: पॅडलचे १४ मिलिमीटरचे, बीबीचे ३५ मिलिमीटरचे, हँडलचा दांडा २२चा. आजचे साधे, स्वस्त सुटे भाग त्यांत बसत नाहीत. म्हणजे सायकल ऐंशीला आणि एक बीबी शोधायला तीन महिने. भिंतीवर लावायला उत्तम.

निळी मी चाळीसला विकली. सीट हलत नाही हे जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं. घेणारा आला, बसून बघितलं, सीट त्याला बरोबर होती. आनंदाने घेऊन गेला. माझे तीस युरो शिकवणीच्या फीच्या खात्यात.

आता पन्नासचा आकडा घेऊन शोधायला बसले तेव्हा एक गंमत लक्षात आली. जाहिरातींत छप्पन-अठ्ठावनचा सुकाळ आणि माझ्या मापाच्या मोजक्या. पहिल्यांदा वाईट वाटलं. पण लहान फ्रेम घेणारेही मोजकेच, त्यामुळे ती जाहिरात आठवडेच्या आठवडे तशीच पडून असते आणि किंमत हळूहळू खाली येते. मी एका सायकलवर असा डोळा ठेवला. एकशे ऐंशीची एकशे साठ झाली, मग एकशे चाळीस फाउ बे. तेव्हा निरोप टाकला. ‘शेवटची किंमत काय?’ असं चुकूनही विचारलं नाही. इथले विक्रेते या एका प्रश्नाने इतके वैतागलेत की त्याचे विनोद झालेत. नीट नाव लिहिलं, कधी येऊ विचारलं, आणि सीट हलते का तेवढं विचारलं. उत्तर आलं: ‘हलते. सगळं हलतं. शनिवारी दहाला या.’

गाव शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर. आजोबा सत्तरी ओलांडलेले, निळ्या डगल्यात गॅरेजच्या दारात उभे. सायकल त्यांच्या मुलीची, नव्वदच्या दशकातली. मुलगी म्युनिकला, तिला आता नको होती. स्टीलची फ्रेम, शिमानो कंपनीचा आरएक्स १०० हा गिअर-ब्रेकचा संच, मागे सात गिअर, गिअरच्या कांड्या हँडलवर नाहीत तर खालच्या नळीवर. मी खिशातून पट्टी काढली तशा त्यांच्या भुवया वर गेल्या. वीस कड्या: २५६ला थोड्या जास्तच. रिम सपाट. नळ्या गुळगुळीत. सीट त्यांनी न सांगता वर-खाली करून दाखवली, दांड्याला ग्रीस चकाकत होतं. मला तिथेच मिठी मारावीशी वाटली, आजोबांना की दांड्याला ते सांगता येत नाही.

गॅरेजच्या भिंतीवर दुसरी एक रेनराड टांगलेली होती, डायमंट. १८८५ साली आत्ताच्या केम्निट्सच्याच एका भागात सुरू झालेली कंपनी. मी तिच्याकडे बघतेय हे पाहून आजोबा म्हणाले, ती विकायची नाही. मग स्टूल ओढून बसले आणि १९६०ची गोष्ट सुरू झाली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथून जवळच, झाक्सनरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर. पूर्व जर्मनीचा टेफे शुर १९५८ आणि १९५९ असा लागोपाठ दोनदा हौशी गटाचा जगज्जेता. तिसऱ्यांदा जिंकणार, तेही घरच्या मैदानावर, म्हणून सगळा देश रस्त्यावर. शेवटी आघाडीवर तिघं उरले: शुर, त्याच्याच संघातला बर्नहार्ड एक्स्टाइन आणि एक बेल्जियन. एक्स्टाइन सुटला. बेल्जियन मात्र शुरलाच धरून राहिला, कारण धोका त्याचाच. आणि शुर हललाच नाही. एक्स्टाइन जिंकला, शुर दुसरा. ‘मी लहान होतो, वडिलांच्या खांद्यावर,’ आजोबा म्हणाले. ‘सगळे शुर, शुर ओरडत होते आणि समोरून आला एक्स्टाइन.’ जर्मनमधला निम्मा भाग माझ्या डोक्यावरून गेला, तो मी घरी येऊन वाचून भरून काढला. पण हात वर करून वळण दाखवताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते कुठे वाचायची गरज नव्हती.

त्यानंतर घासाघीस करायचं तोंड राहिलं नव्हतं. तरी चेनचं माप मी सांगितलं. त्यांनी पट्टी मागून घेतली, चष्मा लावून स्वतः मोजलं, ‘बरोबर आहे’ म्हणाले आणि दहा युरो स्वतःहून कमी केले.

पैसे द्यायच्या आधी एक काम कराच. साधा करार: दोघांची नावं, पत्ते, किंमत, तारीख आणि बीबीच्या खाली कोरलेला फ्रेमचा नंबर. जर्मन कायद्यात चोरीची वस्तू तुम्ही कितीही भाबडेपणाने विकत घेतली तरी तुमची होत नाही. मूळ मालक आला तर सायकल जाते आणि पैसे विक्रेत्याच्या मागे लागून मिळवायचे. सार्वजनिक लिलावात घेतलेल्या वस्तूला मात्र हा नियम लागत नाही, म्हणून सापडलेल्या सायकलींचे सरकारी लिलाव इथे लोकप्रिय आहेत. आजोबांनी करार स्वतः लिहिला, इतक्या वळणदार अक्षरात की मला माझं आडनाव ओळखू येईना.

मग हिशोब. सायकल १३०. चेन १२, कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) १८, दोन टायर ४४, ब्रेकचे रबर १०, केबल ९. शिवाय रस्त्यावर यायचं तर पुढे पांढरा दिवा, मागे लाल, रिफ्लेक्टर, दोन स्वतंत्र ब्रेक आणि घंटी हवीच. अंधारात दिव्याशिवाय पकडलं तर २० युरो दंड. दिवाही कुठलाही चालत नाही, त्यावर नागमोडी रेघ, के हे अक्षर आणि मान्यतेचा क्रमांक असावा लागतो. असे दिवे ३५, घंटी ५. निळीवर बुडालेले तीस धरून २९३. सात युरो शिल्लक! दोन दिवस मी हे सगळ्यांना सांगत फिरले. तिसऱ्या दिवशी फ्लॅटमेटने विचारलं, कुलूप कुठलं घेतलंस?

कुलूप ४५.

सुटे भाग मीच बसवले, दाढीवाल्याच्या देखरेखीखाली. कॅसेट मुद्दाम सगळ्यात मोठं चाक २८ दातांचं असलेली घेतली. आधीची तेवीसची होती आणि आसपासच्या डोंगरांत तेवीसवर चढणं माझ्या पायांचं काम नाही. जुन्या मागच्या डिरेलरला, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेला, याहून मोठी झेपणार नाही, असं तो म्हणाला. ट्रामचे रूळ तिरके ओलांडायचे नाहीत, काटकोनात ओलांडायचे, हेही त्याने बजावलं होतं. ते मी पहिल्याच आठवड्यात, ओल्या रस्त्यावर, कोपर सोलून शिकले.

परवाच्या रविवारी ऑगस्टुसबुर्गला गेलो. टेकडीच्या माथ्यावर सोळाव्या शतकातला पांढरा राजवाडा, शहरातून थेट दिसतो. खालून वर जायला १९११ पासूनची केबलवर ओढली जाणारी रेल्वेही आहे, पण कुणी चढाला घाबरलंय असं वाटू नये म्हणून आम्ही तिच्याकडे बघितलंही नाही. नदीपर्यंत मी सगळ्यांच्या बरोबर होते. पुढच्या चढावर अठ्ठावीसवर टाकून दातओठ खात गेले आणि शेवटच्या दोनशे मीटरला उतरून ढकलली. वर पोचले तेव्हा ते बाकावर बसून सफरचंद खात होते. ‘आरामात ये’ या वेळी कुणी म्हणालं नाही. आजोबांना राजवाड्यासमोरचा सायकलचा फोटो पाठवला. तासाभराने उत्तर आलं: सीट एक सेंटिमीटर खाली आहे.