स्कॅन केलेल्या फिल्मचे मिडटोन उठावदार करताना

निगेटिव्ह स्कॅन केली की फोटो बहुतेक वेळा राखाडी, मरगळलेला दिसतो. मग कॉन्ट्रास्टचा स्लायडर ओढला जातो. पण चेहऱ्याला पुरेसा उठाव येईपर्यंत सावल्या बुजलेल्या असतात आणि आकाश पांढरंफटक पडलेलं असतं. वाढवायचा असतो फक्त मधल्या छटांमधला, म्हणजे मिडटोनमधला फरक.

स्कॅन मुद्दाम सपाटच घ्या. कृष्णधवल असेल तर 16 बिट ग्रेस्केल, रंगीत असेल तर 48 बिट. ऑटो करेक्शन आणि शार्पनिंग बंद. 8 बिटमध्ये एकूण छटाच 256, त्या ताणल्या की आकाशात पट्टे उमटतात.

धूळ आधीच काढा, नंतर ती जास्त ठळक होते. ट्राय-एक्स, एचपी5 यांसारख्या चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर स्कॅनरची इन्फ्रारेड सफाई चालत नाही, कारण चांदी इन्फ्रारेडही अडवते. तिथे हीलिंग ब्रशने हातानेच टिपावी लागते.

आता कर्व्ह, म्हणजे छटांचा आलेख (0 काळा, 255 पांढरा). 32, 128 आणि 224 हे बिंदू जागेवर रोवा; 96 चा 90 करा, 160 चा 168. एवढंच पुरे.

खरा जीव येतो तो पुढच्या पायरीत. लेयरची प्रत काढून अनशार्प मास्क (कडांभोवतीचा फरक वाढवणारा फिल्टर) लावा: अमाउंट 15 ते 20 टक्के, रेडियस 50 पिक्सेल, थ्रेशोल्ड 0. हा रेडियस 35 मिमी फ्रेम 2400 पीपीआयला (इंचामागे पिक्सेल) स्कॅन केली तर, म्हणजे साधारण 3400 पिक्सेल रुंदीसाठी. 4800 ला 100 धरा. थ्रेशोल्ड वाढवला तर गालावरचे बारीक चढउतारच वगळले जातात, आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात. ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणा, हाही वाढतो, पण अमाउंट कमी असल्याने खुपत नाही. रंगीत फोटोत लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी (फक्त उजळपणा बदलणारा) ठेवा, नाहीतर रंग भडक होतात.

हा परिणाम मधल्या छटांपुरताच ठेवायचा. त्यासाठी फोटोशॉपमध्ये ब्लेंड इफच्या (लेयर कोणत्या छटांत दिसेल हे ठरवणारी सोय) ‘धिस लेयर’ पट्टीवर काळा स्लायडर ऑल्ट दाबून 20 आणि 70 वर फोडा, पांढरा 180 आणि 235 वर. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अमाउंट 0.15 ते 0.2 द्या आणि लेयरचीच ग्रेस्केल प्रत लेयरचा मास्क म्हणून घ्या (मास्क जिथे काळा, तिथे परिणाम लपतो). मास्कच्या कर्व्हमध्ये दोन्ही टोकं खाली, मधला भाग वर.

बिघडतं ते गडद इमारत आणि उजळ आकाश यांच्या सीमेवर. तिथे फिकट प्रभा दिसू लागते. ती 100 टक्के झूमवर निसटते, पूर्ण फोटो पडद्यावर मावेल असा ठेवूनच तपासा. दिसली तर रेडियस निम्मा करा किंवा तेवढा भाग मास्कवर मऊ ब्रशने काळा करा. नेहमीचं बारीक शार्पनिंग सगळ्यात शेवटी, फोटोचा आकार ठरवल्यावर.