चौदा दिवसांची नोटीस

आज दुपारी भाचा डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावूनच आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरी आला, पावसानं चिंब. मागच्या महिन्यात त्याची आयडी अचानक बंद झाली होती. चार दिवस घरी बसून. कारण विचारायला माणूसच नाही, समोर नुसतं ॲप! (आमच्या वेळी निदान मुकादमाशी भांडता यायचं.)

म्हटलं, अरे, कर्नाटकात २०२५ ला गिग कामगारांचा, म्हणजे ॲपवरून काम घेणाऱ्या तुमच्यासारख्यांचा, कायदा झालाय. कामावरून काढायचं तर लेखी कारण आणि १४ दिवस आधी नोटीस. शिवाय दर ऑर्डरला तुमच्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के रक्कम कंपनीनं कल्याण निधीत भरायची.

"ते असू दे मामा, नोंदणी कुठं करायची ते सांग की."

मोबाईलवर शोधत बसलो, तेवढ्यात शहापूरची ऑर्डर वाजली. चहा अर्धा टाकून गेला.