धोट्याचं तेल

धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी नाव, हातात घेतला तेव्हाच तळहाताला तेलकट लागला होता. मला तिथेच कळायला हवं होतं.

सोलापुरात होटगी रोडला घरामागे माझी पत्र्याची शेड आहे. तिथल्या छोट्या लेथवर मी लाकडी पेनं कातून विकतो. एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी एक ताई टॉवेलात गुंडाळलेला धोटा घेऊन आल्या. त्यांचे वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॅकर्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर चादरी विणायचे. ताई त्यांना ‘नायना’ म्हणत होत्या. माग भंगारात गेले, धोटा तेवढा घरात राहिला.

“दोन पेनं होतील का हो याची? एक मला, एक भावाला. भाऊ सोमवारी पहाटे हैदराबादला जायलाय.”

होतील म्हणालो. नाही म्हणायची सवयच नाही, काय करणार.

धोट्यात पेनापुरतं भरीव लाकूड असतं ते फक्त दोन्ही टोकांना. मधला भाग सुताची कांडी बसावी म्हणून कोरलेला असतो आणि टोकांना पोलादी टोप्या ठोकलेल्या. हिशेब करकरून चार तुकडे निघाले. एका बारीक पेनाला दोन तुकडे लागतात आणि प्रत्येकात 7 मिलिमीटरची पितळी नळी जाते. लाकूड कातून मापाला आणलं की टोकाशी नळीवर त्याची जाडी एक मिलिमीटरही उरत नाही. चुकलं तर पुन्हा घासायला लाकूड आणायचं कुठून?

शनिवारी संध्याकाळपर्यंत चारही तुकडे कातून झाले. 150 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 600 पर्यंत घासले. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेनं चार हात मारायचे, नाहीतर गोल ओरखडे राहतात आणि पॉलिशखाली ते दुप्पट दिसतात.

पॉलिश मी घरीच करतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, साधं स्पिरिट आणि जवसाचं उकळलेलं तेल, तिन्ही समसमान. टिश्यू पेपरवर थोडं घ्यायचं आणि फिरत्या लाकडावर दाबून धरायचं. घर्षणानं लाकूड तापतं, स्पिरिट उडून जातं, तेलामुळे कागद अडकत नाही, आणि साधारण 75 अंशांच्या पुढे मऊ पडणारी लाख पातळ पसरून चकाकते. कापड मात्र वापरायचं नाही. आमचं गाव टॉवेलांचं असलं तरी लेथवर टॉवेलाचा तुकडा नको. कापड गुंडाळलं गेलं तर बोट घेऊन जातं, कागद फाटतो आणि बोट वाचतं. वापरलेले कागद मी पाण्याच्या बादलीत टाकतो. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, आणि असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. त्यात आमचा एप्रिल.

दहा मिनिटांत तुकडे असे झळकले की बायकोला बोलावून दाखवले.

रविवारी सकाळी सहाला शेड उघडली तर चकाकी गायब. लाकडावर धुकं बसल्यासारखं, आणि मधेमधे घामासारखे तेलाचे थेंब.

पहिला संशय पॉलिशवर. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख बरेच महिने पडून राहिली तर नीट कडक होत नाही. पण ही बाटली महिन्यापूर्वीचीच होती. खात्रीसाठी सागवानाच्या तुकड्यावर लावून पाहिलं, खडखडीत वाळलं. मग सगळं स्पिरिटनं पुसलं, 400 नं घासलं आणि पुन्हा पॉलिश मारलं. या खेपेला आणखी जोर लावून, आणखी तापवून. तासाभरात पुन्हा थेंब. तोवर शेडही तापायला लागली होती. स्पिरिट कागदावरच उडायचं, पॉलिश अडखळायचं, लाकडावर कड्या उमटायच्या. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर टोकाशी जेमतेम अर्धा मिलिमीटर लाकूड उरलेलं. आता मात्र हातपाय गळाले.

शेजारचे मामा रोज सकाळी चहाला येतात. आयुष्यभर लाटणी आणि पाळण्याचे खांब कातलेला माणूस. त्या काळी ते फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायचे, नुसत्या घर्षणानं लाख वितळून चढायची, आणि वरून केवड्याच्या पानानं घोटायची. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांवर अजून तसंच करतात. मामांनी तुकडा नाकाला लावला.

“मागाचं तेल प्यालंय हे. तू तापवायलास म्हणून वर यायलंय की. भाजी शिजत आली की कडेनं तेल सुटतंय का नाही? तसंच बे.”

म्हणजे ज्या गरमीनं मी चकाकी आणत होतो, तीच आतलं तेल वर ओढत होती. जवसाचं तेल हवेत सुकतं. मागाचं यंत्रतेल कितीही वर्षं गेली तरी सुकत नाही.

“मग तेल सुटू दे की पूर्ण,” मामा म्हणाले, आणि छताच्या पत्र्याकडे बोट केलं.

तुकडे थिनरनं पुसले. खडू कुटून केलेल्या भुकटीत घोळवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि दहा वाजता पत्र्यावर ठेवले. तासाभरानं काढले तर कागद भजी ठेवल्यासारखा तेलकट. पुन्हा थिनर, नवी भुकटी, नवा कागद. सोलापूरच्या उन्हाला आयुष्यभर शिव्याच घातल्यात, त्या दिवशी पहिल्यांदा ते कमी पडू नये असं वाटलं. चौथ्या खेपेला कागद कोरडा निघाला. पण उन्हानं एका तुकड्यातली नळीही सुटली होती. ती पुन्हा चिकटवून बाजूला ठेवली. म्हणजे आज पेन एकच.

चारनंतर लेथ बंद ठेवूनच काम. मेण काढलेली लाख स्पिरिटमध्ये पातळ करून, तेलाचा थेंबही न घालता, कागदानं हात दिला. अर्धा तास थांबलो, दुसरा हात. असे तीन. ही लाख तेलकट लाकडावरही धरते आणि वरच्या थराला आधार देते. शेवटी लेथ सुरू करून नेहमीचं पॉलिश, तेही हलक्या हातानं, दोन-चार सेकंद धरून लगेच उचललं. दर वेळी बोट लावून बघायचो, कोमटच्या पुढे जाऊ दिलं नाही. शनिवारइतकी चकाकी आली नाही. एका बाजूला तेलाचा काळसर डागही राहिला.

रात्री आठला ताई आल्या. एकच पेन झालंय, डाग आहे, सगळं सांगितलं. सॅनिटायझरचा ओला हात लावू नका हेही सांगितलं, कारण लाख विरघळते ती अल्कोहोलमध्येच. हे मी एका डॉक्टरांना विकलेल्या पेनावरून शिकलोय. ते पेन आठवड्यात चिकट होऊन परत आलं होतं.

“भावाला देते आजचं. माझं सावकाश करा,” त्या म्हणाल्या. त्यांचं पेन बुधवारी दिलं.

दोन महिन्यांनी भाऊच शेडमध्ये हजर. बोटं धरतात तिथे पेन निस्तेज झालेलं. माझ्या पोटात गोळा आला, पण हात लावला तर कोरडं. तेल नव्हतं, रोजच्या घामानं आणि घासण्यानं लाख झिजली होती. हे दुखणं सोपं. नव्या पॉलिशमधल्या स्पिरिटनं जुनी लाख जराशी विरघळते आणि दोन्ही थर एकजीव होतात, खरवडावं लागत नाही. पेन न उघडताच चिंधीवर थेंबभर पॉलिश घेऊन हातानं घोटलं. दहा मिनिटं लागली. पैसे घेतले नाहीत. ताईंनी पाठवलेली शेंगा चटणीची पुडी मात्र ठेवून घेतली.