घाई नसलेल्या मालिका

रविवार, रात्री उशिरा

सध्या मी ज्या मालिका पाहते आहे त्यांचे विषय एकमेकांपासून फार दूरचे आहेत, पण त्यांपैकी एकीलाही प्रेक्षक उठून जाईल की काय अशी धास्ती वाटत नाही, आणि बहुधा म्हणूनच दिवसभराच्या कामानंतर मी त्यांच्याकडे वळते.

‘अ‍ॅडोलसन्स’ पुन्हा पाहायला घेतली आहे. मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या या ब्रिटिश मालिकेचे अवघे चार भाग आहेत आणि प्रत्येक भाग मध्ये कोठेही न तोडता सलग चित्रित केलेला आहे. शाळेतल्या एका मुलीच्या खुनाच्या आरोपावरून तेरा वर्षांच्या जेमीला पोलीस पहाटे घरातून उचलतात. त्याचा दोष पहिल्या भागाच्या अखेरीसच उघड होत असल्याने रहस्य असे काही उरत नाही. उरतो तो हे का घडले हा प्रश्न. तिसरा भाग तर जवळजवळ पूर्णपणे एका खोलीत घडतो. मानसशास्त्रज्ञ ब्रायनी त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणि आपल्या सँडविचचा अर्धा भाग घेऊन येते, आणि थट्टामस्करीने सुरू झालेले बोलणे, आवाज चढून पेला उडवला जाईपर्यंत, अशा बेताने पुढे सरकते की मुलगा नेमका कोणत्या क्षणी बदलला हे मला दुसऱ्या खेपेलाही नीट पकडता आले नाही. तो गेल्यावर ते सँडविच उचलायला गेलेला तिचा हात झटकन मागे येतो, आणि तिला त्याच्याविषयी काय वाटले हे तेवढ्यावरून कळते. ओवेन कूपरची ही पहिलीच भूमिका होती आणि चित्रीकरणाची सुरुवात याच भागाने झाली होती, हे वाचल्यापासून मी थक्क आहे.

अशा भागानंतर लगेच झोप येत नाही, म्हणून त्यावर उतारा म्हणून ‘गुल्लक’चा एखादा भाग लावते. मिश्रांच्या घरात वीजबिल, शेजारीण आणि मुलांच्या परीक्षा यांपलीकडे फारसे काही घडत नाही. गीतांजली कुलकर्णी यांनी उभी केलेली, सतत करवादणारी शांती मिश्रा उत्तर भारतातल्या गावची असूनही मला आमच्याच आळीतली वाटते. (तिच्या बोलण्यात मराठीचा मागमूसही नाही, याचे मला विशेष कौतुक आहे.)

मराठीत सध्या ‘मानवत मर्डर्स’ चालू आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे 1972 ते 1974 या काळात झालेल्या हत्यासत्रावर आणि त्याचा तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर ती बेतलेली आहे. पार्श्वसंगीत जरा कमी असते तर बरे झाले असते, कारण भीती वाटण्याइतका मजकूर त्या गावात मुळातच आहे. मात्र विनोदी भूमिकांमुळे घराघरांत पोहोचलेले मकरंद अनासपुरे येथे उत्तमराव म्हणून समोर येतात, तेव्हा हसू येत नाही. त्यांचा थंडपणा आशुतोष गोवारीकरांच्या संयत कुलकर्णींनाही पुरून उरतो, असे माझे आजचे मत आहे. शेवटचे भाग अजून पाहायचे असल्याने ते बदलूही शकेल.