पाईनचं डांबर, बिब्ब्याचं मडकं आणि हरसूलकडचे दोन दिवस

नाशिकहून निघून गिरणारे सोडलं की रस्ता मोकळा होतो. टोमॅटोचा सीझन नव्हता त्यामुळे मार्केट शांत, पुढे वाघेरा घाटात पळस अजून शिल्लक होता आणि खाली दरीत कुणीतरी राब भाजत होतं त्याचा धूर वर येत होता. मार्चचा शेवटचा आठवडा. बाईकच्या मागच्या सीटवर एक गोणी घट्ट बांधलेली आणि तिच्यात साडेतीन किलो पाईनचं लाकूड. चहाला थांबलो तर टपरीवाल्याने आधी गोणीकडे बघितलं मग माझ्याकडे, म्हणाला धूप आणलाय का काय? उन्हाने तापली की तसाच वास येतो तिला.

या लाकडातून मला डांबर काढायचं होतं. आधी दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा जमलं नव्हतं.

डांबर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रस्ता येतो म्हणून सांगतो, ते हे नाही. रस्त्यावरचं पेट्रोलियममधून येतं, कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्या दगडी कोळशाच्या डांबरापासून निघाल्या, आणि हे तिसरं, लाकडाचं. तेलकट पाईन कमी हवेत हळूहळू तापवलं की त्यातली राळ वितळून, भाजून, काळपट तपकिरी मधासारखी खाली गळते. स्वीडन फिनलंडकडे शेकडो वर्षं हाच धंदा होता, लाकडी जहाजांचे तळ, दोर, शिडं सगळं याच्यावर टिकायचं. स्टॉकहोममध्ये 1648 साली खास डांबराच्या व्यापारासाठी कंपनी निघाली होती आणि त्या मालाला आजही स्टॉकहोम टार म्हणतात. नॉर्वेत 800 वर्षांपूर्वीची लाकडी चर्च अजून उभी आहेत, त्यांच्या भिंतींना पिढ्यानपिढ्या हेच फासत आलेत. फिनलंडच्या लोकांची तर म्हण आहे, दारू, डांबर आणि सौना (वाफेची अंघोळ) यांनी जो बरा होत नाही तो आजार मरणाचा.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं मागच्या मे महिन्यात, उत्तराखंडमध्ये बागेश्वरच्या बाजूला. ट्रेकला गेलो होतो. तिकडे चिडाचं जंगल आहे, चीड म्हणजे आपण ज्याला सरसकट पाईन म्हणतो त्यातलाच एक, आणि झाडांच्या बुंध्याला खाचा पाडून खाली छोटे डबे लावलेले दिसतात, त्यात लिसा जमतो, म्हणजे राळ. ज्या घरी राहिलो त्या दीदींनी पहाटे चूल पेटवली. बाहेर रात्रभर पाऊस, सरपण दमट, आणि त्यांनी एक बोटभर लाल पिवळी काडी घेतली, छिलुक म्हणतात तिला, एका काडेपेटीच्या काडीत ती अशी पेटली की जणू रॉकेलमध्ये बुडवून काढलीय. मी गेली पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरतोय, हरिहर, अंजनेरी, साल्हेर किती वेळा झालं, आणि पावसात चूल पेटवायला मी कायम मेणबत्तीचे तुकडे नाहीतर सायकलच्या ट्यूबचे तुकडे सॅकमध्ये ठेवत आलो. त्या एका काडीने मला गप्प केलं. निघताना दीदींनी त्यांच्याच शेतातल्या जुन्या ठूंठाच्या, म्हणजे तोडलेल्या झाडाच्या उरलेल्या खुंटाच्या, फाकी बांधून दिल्या, सहा किलोच्या आसपास.

ते लाकूड वाया जाऊ नये म्हणून पहिला प्रयोग मी नाशिकच्या अंबडमध्ये मिळणाऱ्या पॅकिंगच्या पॅलेटवर केला, ते पण पाईनच असतं. चार तास जाळ घातला. खाली जमलं ते पिवळट पाणी, व्हिनेगरसारखा आंबट वास आणि तळाला चमचाभर काळं काहीतरी. नंतर कळलं की पॅलेटचं लाकूड साधं सरळ वाढलेलं असतं, त्यात राळच नसते फारशी, राळ साठते ती जखमेपाशी, गाठीत, बुंध्यात. दुसऱ्या वेळी दिंडोरीला मामाच्या मळ्यात अडीच किलो चांगलं लाकूड घेतलं, पंधरा लिटरचा तेलाचा डबा, खाली पातेलं, सगळं व्हिडिओत बघितलं तसं. दीड तासाने डब्याच्या सांध्यातून ज्वाळा आल्या. हवा आत गेली होती, लाकूड आतल्या आत पेटलं आणि शेवटी राख. मला खरंच वाईट वाटलं, इतक्या लांबून आणलेलं.

कंपनीत फोटो दाखवत होतो तर आमच्या लाईनवरचा एक मित्र, हरसूलकडचा, म्हणाला अरे आमचे बाबा बिब्ब्याचं तेल असंच काढतात, तू चल ना एकदा. बाबा म्हणजे त्याचे आजोबा. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना तिथे गर्दी नकोय.

पोचलो तेव्हा बाबा अंगणात केवणीच्या सालीचा दोर वळत बसले होते. केवणी म्हणजे मुरुडशेंगेचं झुडूप, तिची साल भिजवून, सोलून, मांडीवर हाताने पीळ देत जायचं. मी गोणी उघडली. त्यांनी एक फाक घेतली, वास घेतला, दाताने थोडी चावून बघितली आणि म्हणाले, "सालईवानी हाय. पन तेल जास्त दिसतं." सालईची राळ आपण धूप म्हणून जाळतो, टपरीवाल्याचाही तोच अंदाज होता. मग मी माझी सगळी रड सांगितली, डबा, पातेलं, ज्वाळा. त्यांनी एवढंच विचारलं, "लिंपलं कशानं?"

ओल्या मातीने, म्हणालो.

"नुसती माती भेगा पडून फाटती भाऊ. जाळ लागला का फाटायचीच."

आणि मग पुढचा तासभर त्यांनी फक्त लिंपण केलं, खरं सांगतो बाकी सगळं दहा मिनिटांचं काम आहे. वारुळाची माती चाळून घेतली, त्यात शेण, थोडा भाताचा तूस, आणि पाणी इतकंच की गोळा हाताला चिकटू नये. जुन्या लुगड्याची पट्टी या चिखलात बुडवून सांध्याभोवती गुंडाळायची, वर परत माती, परत पट्टी, असे तीन थर, आणि प्रत्येक थर सुकेपर्यंत सावलीत थांबायचं. मला घाई झाली होती आणि ती त्यांना कळत होती, त्यांनी मला नागलीची भाकरी आणि चटणी दिली आणि बसवून ठेवलं.

मांडणी अशी. अंगणाच्या कडेला खड्डा, त्यात एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, आजूबाजूची माती पाणी मारून गार केलेली. दुसऱ्या मडक्यात लाकडाच्या बोटभर जाडीच्या फाकी उभ्या गच्च भरायच्या, तोंडाला तारेची जाळी, पूर्वी म्हणे बांबूच्या कामट्या लावायचे, आणि ते उलटं करून खालच्याच्या तोंडावर बसवायचं. मग सांधा लिंपायचा. वरच्या मडक्याभोवती गोवऱ्या रचून आग. आगीला लाकडापर्यंत पोचायला वाट नाही, फक्त उष्णता पोचते, आणि जे वितळतं त्याला खाली जाण्याशिवाय दुसरी वाट नाही. आयुर्वेदात याला पाताळयंत्र म्हणतात, औषधांची तेलं काढायला जुन्या ग्रंथांत दिलेलं आहे. फिनलंडमध्ये हेच उताराच्या जमिनीवर मोठ्या खड्ड्यात करायचे, वरून माती आणि हिरवळीने झाकून, मधोमध खाली नळी, आणि आठवडा आठवडा राखण. मडकं असो की खड्डा, हवा रोखायची आणि खाली वाट ठेवायची.

बिब्ब्याबद्दल मात्र बाबांनी मला हात लावू दिला नाही. फळं एका टोपलीत होती, काळी चकचकीत. बिब्बा उतला की अंग सुजतं, फोड येतात, धुराने सुद्धा उततो, म्हणून तेल काढायच्या दिवशी लहान पोरांना पाड्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवतात आणि हाताला आधी खोबरेल चोळून घेतात. लावणीच्या दिवसात चिखलात पाय कुजतात तेव्हा बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि तेलाचा ठिपका भेगेवर द्यायचा. कुणी वाचून घरी करू नका, त्यांच्या हाताला पन्नास साठ वर्षांचा अंदाज आहे, आपल्याला नाही.

अकराच्या सुमाराला गोवऱ्या पेटवायच्या होत्या. मी लायटर काढला तर बाबांनी कमरेची चंची सोडली, त्यात पोलादाची पट्टी, एक गारगोटी आणि अर्धवट जाळून काळी केलेली सुती चिंधी. तिसऱ्या फटक्याला ठिणगी चिंधीवर बसली आणि लाल ठिपका पसरत गेला. गारगोटी कुठली विचारलं तर ओढ्यातली. आपला सगळा काळा दगड लाव्हाचा, त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांमध्ये हे पांढरे गारेचे दगड तयार झाले, नाशिकच्या आसपास विहिरी खणताना, खाणीत असे स्फटिक निघतात की जगभरातले संग्राहक घेऊन जातात. मी ते आजवर फक्त शोकेसमध्ये ठेवायची वस्तू म्हणून बघत होतो. मी पण प्रयत्न केला, पाऊण तास लागला, अंगठ्याचं साल निघालं, पण ठिणगी पकडली. चिंधी हातात धरून फुंकर मारताना जो आनंद झाला तो मला सांगता नाही येणार.

तीन वाजता आग आपोआप विझत आली. मी मडकं उघडायला निघालो तर मित्राने दंड धरला. गरम असताना उघडलं की आतली वाफ हवा लागताच भडकते. उद्या सकाळी.

संध्याकाळी मित्राची आई पाण्याला निघाली, मी एक हंडा घेतला. नदी कोरडी, वाळूत गुडघाभर खोल झिरा उकरलेला, त्यात वाटी वाटीने पाणी जमतं आणि ते जमेपर्यंत बसून राहायचं. पहिलं गढूळ पाणी काढून टाकायचं, मग वाळूतून गाळून येतं ते भरायचं. ट्रेकिंगच्या कोर्समध्ये हे मला सर्व्हायव्हल टेक्निक म्हणून शिकवलं होतं, सर्टिफिकेट पण आहे माझ्याकडे. त्या बाईंनी तीन हंडे भरायला दीड तास घेतला आणि हे त्या फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत रोज करतात. पावसाळ्यात याच भागात इतका पाऊस असतो की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. मला सर्व्हायव्हल हा शब्द तिथे उच्चारायची लाज वाटली आणि तेव्हापासून मी तो जपून वापरतो.

रात्री अंगणातच झोपलो. पहाटे चारला मोहाची फुलं पडायला लागली, टप टप, आणि बायका टोपल्या घेऊन झाडाखाली.

सातला मडकं उघडलं. लिंपण भाजून विटेसारखं झालं होतं, एक भेग नाही, बाबांनी कोयत्याच्या मुठीने ठोकून ते फोडलं. वरच्या मडक्यात फाकी जशा ठेवल्या तशाच उभ्या, फक्त कोळसा झालेल्या, हातात घेतल्या तर काचेसारख्या किणकिणल्या. खालच्यात वर पातळ आंबट पाणी, ते ओतून टाकलं, आणि तळाला ते, दाट, काळं, काठीने उचललं तर कडेला मधासारखं सोनेरी दिसणारं. साडेतीन किलोला पाव लिटरच्या थोडं वर भरलं. वास धुराचा, राळेचा आणि थोडा गोडसर. आम्ही चौघं मडक्याभोवती बसून नुसते वास घेत होतो.

अर्धं डांबर आणि अर्धं जवसाचं तेल कोमट करून मिसळलं (थेट जाळावर नाही, गरम पाण्यात भांडं ठेवून) आणि बाबांच्या कुऱ्हाडीच्या दांड्याला फडक्याने चोळलं. कोरडं लाकूड ते पीत होतं, तीन हात दिले. थोडं केवणीच्या दोराच्या एका टोकाला लावलं, एक टोक तसंच ठेवलं, पावसाळा संपला की कुठलं टोक कुजलं ते बघायचं असं ठरलं. दोर त्यांच्या पडवीत टांगलाय, ओल येते त्या बाजूला.

निघायच्या वेळी बाबा बराच वेळ एक उरलेली फाक फिरवून फिरवून बघत होते. मग म्हणाले, "ही खोडाची हाय. मुळीची नाय आनली?"

मी म्हणालो नाही, का?

"तेल खालीच उतरनार ना. मुळीत जास्त असंल."

बाबांनी पाईनचं झाड आयुष्यात बघितलेलं नाही. स्वीडनमध्ये डांबर काढणारे जुने बुंधे आणि मुळ्याच खणून काढायचे, हे मी इतक्या वेळा वाचलं होतं आणि तरी खोडाच्याच फाकी घेऊन आलो होतो. त्यांना तसं सांगितलं तर त्यांनी फक्त मान हलवली, म्हणाले मग घेऊन ये.

हरसूलला रेंज आल्यावर बागेश्वरच्या दीदींना मेसेज टाकला. संध्याकाळी नाशिकला पोचलो तेव्हा उत्तर आलेलं होतं, शेताच्या बांधावर अर्ध्या उपटलेल्या एका जुन्या ठूंठाचा फोटो आणि खाली एक ओळ, कुदाल अपनी लाना.